'बॉटल ऑफ लाइज' : फाइल पूर्ण, डेटा खोटा

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' नावाचा दोन क्रेडिटचा कोर्स असतो. यूजीसीने तो २०१९च्या शेवटी सक्तीचा केला. त्यात फॅब्रिकेशन, फॉल्सिफिकेशन, प्लॅजिअरिझम हे तीन शब्द आपले पाठ होतात आणि उदाहरणं सगळी शोधनिबंधांची असतात. पण रसायनशास्त्र, फार्मसी किंवा बायोटेक केलेल्या आपल्यापैकी बरेच जण पुढे विद्यापीठात राहत नाहीत. ते कंपनीच्या क्यूसीमध्ये किंवा आर अँड डीमध्ये जातात. तिथे एथिक्स हा वेगळा विषय नसतो, तिथे 'कम्प्लायन्स' असतं. दोन्हींत फरक काय, असं मला कोणी विचारलं तर मी व्याख्या सांगत बसत नाही, कॅथरीन ईबन यांचं 'बॉटल ऑफ लाइज' वाचायला सांगते. २०१९ साली आलेलं हे पुस्तक जेनेरिक औषधांच्या धंद्यावर आहे आणि त्याच्या मध्यभागी आपली रॅनबॅक्सी आहे.

वाचा असं सांगते, पण लेखिकेचं निदान मला पटलेलं नाही. तिने जमवलेला पुरावा एक सांगतो आणि निष्कर्ष दुसरीकडेच जातो, असं मला दोनदा वाचूनही वाटलं. ते का, हे लिहिण्यासाठी ही पोस्ट.

आधी प्रकरण थोडक्यात. दिनेश ठाकूर अमेरिकेतल्या ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीतून २००३ मध्ये रॅनबॅक्सीत आले. २००४ मध्ये त्यांचे वरिष्ठ, संशोधन विभागाचे प्रमुख राजिंदर कुमार यांनी त्यांना एक काम दिलं: कंपनीने जगभरच्या नियामकांना जो डेटा दिलाय, तो खरा आहे का ते बघा. ठाकूर आणि त्यांच्या टीमने काही जेम्स बाँडगिरी केली नाही. प्रत्येक बाजारपेठ, प्रत्येक उत्पादन घेतलं आणि जमा केलेल्या आकड्याच्या मागचा रॉ डेटा मागितला. बस, एवढंच. तुमचा गाइड सबमिशनच्या आदल्या दिवशी 'ही टेबल कुठून आली, वही दाखव' म्हणतो ना, तसं. चाळीसहून जास्त देश आणि दोनशेहून जास्त उत्पादनं, यांत बनावट डेटा सापडला. कुमारांनी हे संचालक मंडळाच्या समितीपुढे मांडलं आणि लवकरच कंपनी सोडली. ठाकूर एप्रिल २००५ मध्ये बाहेर पडले आणि त्याच वर्षी टोपणनावाने अमेरिकेच्या एफडीएला लिहू लागले. खटला संपला १३ मे २०१३ रोजी. रॅनबॅक्सीच्या अमेरिकी उपकंपनीने सात गंभीर गुन्हे कबूल केले, एकूण ५० कोटी डॉलर भरले. आठ वर्षं गेली मध्ये.

आता त्या गुन्ह्यांमधला एक जरा नीट समजून घेऊ, कारण आपल्या दृष्टीने खरा धडा तिथे आहे.

औषधाची एक्सपायरी कशी ठरते? गोळ्यांचे नमुने ठरलेल्या तापमानात आणि आर्द्रतेत ठेवतात. वेगवान चाचणीसाठी साधारण ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रता, दीर्घ मुदतीच्या चाचणीसाठी त्याहून सौम्य. मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, नऊ महिन्यांनी असे नमुने बाहेर काढून मूळ औषध किती उरलं, अशुद्धी किती वाढली ते मोजतात. याला स्टॅबिलिटी टेस्टिंग म्हणतात. काम कंटाळवाणं आहे आणि त्यात घाई करताच येत नाही, कारण इथे वेळ हेच रिएजंट आहे. देवासच्या कारखान्यातल्या काही अँटिबायोटिक्सच्या बाबतीत कंपनीने कबूल केलं ते असं: महिन्यांच्या अंतराने करायच्या बहुतेक चाचण्या एकाच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत उरकल्या होत्या, एफडीएला कळवलेल्या तारखांना त्या झालेल्याच नव्हत्या, आणि नमुने अज्ञात काळ फ्रिजमध्ये ठेवले होते. फ्रिजमध्ये! म्हणजे भोपाळच्या, नागपूरच्या मे महिन्यात गोळी टिकेल का, हे बघायचं होतं आणि गोळी ठेवली गारव्याला.

पण मला त्या फ्रिजपेक्षा फाइल जास्त अस्वस्थ करते. फाइल पूर्ण होती. तीन महिन्यांचा रकाना भरलेला, सहा महिन्यांचा भरलेला, खाली सह्या, तारखा. कुठल्याही तपासणी यादीवर सगळ्या खुणा बरोबर पडल्या असत्या. कायद्याची पूर्तता झाली का, असं कागदाला विचारलं तर कागद 'हो' म्हणत होता. आपण सहसा समजतो की बेकायदेशीर काम म्हणजे नियम धाब्यावर बसवणं. इथे उलट झालं. नियम काय मागतो ते अगदी बारकाईने माहीत असलेल्या माणसांनी नियमाला हवा तसा कागद तयार केला. ज्याला नियम माहीत नाही, त्याला असा खोटेपणा जमणारच नाही.

पुस्तकात याचं दुसरं टोक येतं ते पीटर बेकर या एफडीए इन्स्पेक्टरच्या प्रकरणांत, आणि माझ्या मते तीच पुस्तकातली सगळ्यात चांगली पानं. प्रसंग आपल्या वाळूजचा आहे. मार्च २०१३, वॉकहार्टचा कारखाना, कचऱ्याची पिशवी घेऊन निघालेला एक कर्मचारी आणि त्याला हटकणारा बेकर. पिशवीत फाडलेल्या नोंदी निघाल्या. एफडीएने जुलै २०१३ मध्ये कंपनीला पाठवलेलं वॉर्निंग लेटर सार्वजनिक आहे. इंजेक्शनच्या सुमारे ७५ बॅचेसच्या 'अनधिकृत' नोंदी अर्ध्या फाडलेल्या अवस्थेत सापडल्याचं त्यात लिहिलंय. अनधिकृत नोंदी म्हणजे काय, तर आधी एका कागदावर खरं लिहायचं, मग दुसऱ्या कागदावर चांगलं लिहायचं.

बेकरची पद्धत संशोधकाने शिकावी अशी आहे. आधीचे इन्स्पेक्टर छापील अहवाल बघायचे. हा प्रयोगशाळेत जाऊन थेट संगणकावर बसायचा. ज्यांनी एचपीएलसी चालवलंय त्यांना लगेच कळेल, पण ज्यांनी नाही चालवलं त्यांच्यासाठी सांगते. नमुना यंत्रात टोचला की क्रोमॅटोग्राम येतो, म्हणजे शिखरांचा आलेख. शिखराखालचं क्षेत्रफळ म्हणजे त्या घटकाचं प्रमाण. प्रत्येक इंजेक्शनची नोंद सॉफ्टवेअर वेळेसकट ठेवतं, आणि कोणी काय बदललं, काय पुसलं, याचीही ठेवतं. त्याला ऑडिट ट्रेल म्हणतात. आता युक्ती अशी, की अधिकृत इंजेक्शनच्या आधी त्याच नमुन्याचं एक 'ट्रायल' इंजेक्शन करायचं, वेगळ्या फोल्डरमध्ये. नमुना पास झाला तर अधिकृत फोल्डरमध्ये पुन्हा टोचायचा. नापास झाला तर... बघू काहीतरी. मग ऑडिट ट्रेल बंद ठेवायचा, किंवा यंत्राचं घड्याळ मागे करायचं. छापील अहवालात यातलं काहीच दिसत नाही. बेकर नेमकं हेच शोधायचा: जे छापलं नाही ते.

इथे एक बाजूची गोष्ट. विद्यापीठांतल्या किती एचपीएलसींवर प्रत्येक विद्यार्थ्याचं वेगळं लॉगिन आहे? मी पाहिलेल्या प्रयोगशाळांत 'ॲडमिन' नावाचं एकच लॉगिन आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला पासवर्ड, असा मामला असतो. कोणी खोटं करतं असं मी म्हणत नाही. कोणी केलं तर कळायची सोय नाही, एवढंच म्हणते. डेटाचा खरेपणा तपासायला उद्योगात 'अल्कोआ' ही पाच कसोट्यांची खूण वापरतात: नोंद कोणी केली ते कळलं पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, काम होतानाच झाली पाहिजे, मूळ असली पाहिजे आणि अचूक असली पाहिजे. ही खूण अमेरिकी एफडीएत नव्वदच्या दशकात रूढ झाली. आपल्या कोर्सवर्कमध्ये ती मला दिसली नाही. प्लॅजिअरिझम किती टक्के चालतं, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

असो. आता माझं भांडण.

हे सगळं का झालं, याचं उत्तर देताना ईबन यांच्या हाताशी 'जुगाड' हा शब्द येतो. भारतीय माणूस नियमाला वळसा घालण्यात हुशार, वरिष्ठापुढे 'नाही' न म्हणणारा, म्हणून कारखान्यांत असं होतं, असा सूर पुस्तकाच्या बऱ्याच भागातून येत राहतो. अमेरिकी वाचकाला हे स्पष्टीकरण गोड लागत असेल. आपल्यालाही लागतं, खोटं कशाला बोला, आपण स्वतःच 'इंडियात असंच चालतं' म्हणत असतो. पण गृहीतक म्हणून हे कच्चं आहे. कारण जर संस्कृती असेल, तर ती संस्कृती नसलेल्या ठिकाणी परिणाम दिसता कामा नये. तो दिसतो.

१९८९ साली अमेरिकेत जेनेरिक औषधांचा मोठा घोटाळा उघडकीला आला. एफडीएच्या अधिकाऱ्यांना लाच दिली गेली होती. व्हिटरिन नावाच्या न्यूयॉर्कच्या कंपनीने तर जैव-समतुल्यतेच्या चाचणीत स्वतःचं औषध म्हणून मूळ ब्रँडचंच औषध दिलं होतं. साहजिकच ते मूळ ब्रँडशी जुळलं! यातूनच १९९२चा जेनेरिक औषधांवरचा कडक कायदा झाला. पुढे २००५ मध्ये न्यू जर्सीच्या एबल लॅबोरेटरीजमध्ये चाचण्यांचे निकाल खोटे केल्याचं निघालं. कंपनीला आपली सगळी औषधं बाजारातून परत बोलवावी लागली. न्यू जर्सीत जुगाडला काय म्हणतात, मला ठाऊक नाही. या इतिहासाचा काही भाग ईबन यांच्या पुस्तकातही आहे, पण तो पार्श्वभूमी म्हणून येतो आणि निदानाला धक्का लावत नाही. कंट्रोल ग्रुप समोर असताना त्याच्याकडे न बघण्यासारखं आहे हे.

तिच्याच पुराव्यातून निघणारं स्पष्टीकरण जास्त साधं आहे. पेटंटला आव्हान देत पहिला अर्ज करणाऱ्या जेनेरिक कंपनीला अमेरिकेत १८० दिवसांची मक्तेदारी मिळते, ही तरतूद १९८४च्या हॅच-वॅक्समन कायद्यातली. अर्जाच्या तारखेला एवढी किंमत आली की नऊ महिन्यांचा डेटा नऊ महिन्यांनी येण्याची वाट बघणं महाग पडतं. दुसरीकडे पकडलं जाण्याची शक्यता कमी, कारण अमेरिकेतल्या कारखान्यात इन्स्पेक्टर न सांगता येतो आणि भारतातल्या कारखान्यात बहुधा कित्येक आठवडे आधी कळवून. पाहुणे येणार हे माहीत असल्यावर घर आवरलं जाणारच, त्यात संस्कृतीचा काय संबंध? एफडीएने २०१४ मध्ये भारतात अचानक तपासणीचा प्रयोग सुरू केला आणि २०१५ मध्ये गुंडाळला. हे पुस्तकात आहे, आणि ते वाचताना वाटतं की लेखिकेला उत्तर सापडलंय, फक्त तिने त्याला उत्तर म्हटलेलं नाही.

दुसरी गोष्ट आकड्यांची. बेकरने भारत आणि चीनमध्ये तपासलेल्या कारखान्यांपैकी सुमारे चार-पंचमांश ठिकाणी त्याला डेटाची फसवणूक किंवा लपवाछपवी आढळली, असं पुस्तक सांगतं. आकडा अंगावर येतो. पण संशोधनाची तयारी करणाऱ्याने इथे थांबून छेद बघावा. हे कारखाने यादृच्छिक निवडलेले नव्हते. जिथे धोका जास्त वाटतो तिथे नियामक आधी जातो. शिवाय फाडलेली बॅच नोंद आणि बंद असलेला ऑडिट ट्रेल हे एकाच शीर्षकाखाली मोजले, तर 'फसवणूक' हा शब्द फार पसरट होतो. त्यामुळे 'पाचातली चार औषधं खोटी' असा अर्थ यातून काढता येत नाही, आणि सोशल मीडियावर तसा काढला जातो. पण आकडा फेकून देण्यासारखाही नाही. यातल्या काही कारखान्यांना आधीच्या तपासण्यांमध्ये स्वच्छ म्हटलेलं होतं. म्हणजे जुन्या चाचणीचे फॉल्स निगेटिव्ह किती, हे आपल्याला कळलं. माझ्या मते त्या आकड्याचा खरा उपयोग एवढाच आहे, आणि तो काही लहान नाही.

अशीच गंमत जेनेरिकच्या बाजूने दिल्या जाणाऱ्या आकड्याचीही आहे. एफडीएने १९९६ ते २००७ मधल्या २,०७० जैव-समतुल्यता अभ्यासांचा आढावा घेतला. रक्तात पोचणाऱ्या एकूण औषधाच्या बाबतीत मूळ औषध आणि जेनेरिक यांच्यातला सरासरी फरक साधारण ३.५ टक्के निघाला. छान. पण ते अभ्यास कोणी केले होते? अर्जदार कंपन्यांनीच करून पाठवले होते. कागदावर भरवसा ठेवायचा की नाही, हा प्रश्न असताना कागदांची सरासरी काढून उत्तर मिळत नाही.

आणि काही वेळा सगळं कायदेशीर असूनही चुकतं. बुडेप्रिऑन एक्सएल या नैराश्यावरच्या औषधाची ३०० मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत २००६ मध्ये मंजूर झाली ती १५० मिलिग्रॅमच्या गोळीच्या डेटावरून अंदाज बांधून. मोठ्या गोळीची माणसांवर चाचणी झालीच नव्हती, आणि नियमाने ती लागतही नव्हती. रुग्ण तक्रार करत राहिले. शेवटी एफडीएने स्वतः चाचणी करवली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ही गोळी मूळ औषधाशी समतुल्य नाही असं जाहीर केलं. इथे कोणी फ्रिज वापरला नाही, कोणी घड्याळ मागे केलं नाही. कम्प्लायन्स शंभर टक्के होतं. 'कायदा पाळला की नैतिकता आपोआप आली' असं कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये सांगतील तेव्हा ही गोळी आठवा.

तिसरी गोष्ट मला जास्त लागली. ईबन यांचा वाचक अमेरिकी आहे, त्यामुळे पुस्तकाची सारी काळजी 'तुमच्या औषधांच्या कपाटात काय आहे' ही. अपवाद म्हणजे सिप्लावरचा भाग. हमीद कुटुंब, १९३९ साली गांधीजींनी कारखान्याला दिलेली भेट, आणि २००१ मध्ये एड्सची औषधं दिवसाला एक डॉलरहून कमी दरात देण्याची तयारी, हे तिने मनापासून लिहिलंय. पण ज्या माणसाने देवासच्या गोळ्या देवासमध्येच घेतल्या, तो पुस्तकात जवळजवळ नाही. ठाकूरांना सापडलेलं सगळ्यात वाईट काय होतं? नियामक जितका कमजोर, तितका डेटा जास्त खोटा. अमेरिकेपेक्षा आफ्रिका वाईट, आणि भारत काही अमेरिकेच्या बाजूला नव्हता.

भारतात रॅनबॅक्सीच्या औषधांबद्दल असा खटला उभा राहिला नाही. अमेरिकेतही कुठल्या व्यक्तीवर आरोप ठेवले गेले नाहीत, दोषी ठरली ती उपकंपनी. मजा बघा, याच प्रकरणात सिंग बंधूंना वैयक्तिक भुर्दंड बसला तो रुग्णांमुळे नाही. त्यांनी २००८ मध्ये कंपनी जपानच्या दाइची सँक्योला विकली होती. माहिती लपवून विकली म्हणून सिंगापूरच्या लवादाने २०१६ मध्ये सुमारे २,५६२ कोटी रुपयांचा निवाडा त्यांच्याविरुद्ध दिला. खरेदीदाराला न्याय मिळण्याची वाट कायद्यात होती. गोळी घेणाऱ्याला ती सापडली नाही.

तक्रारदाराचंही तसंच. ठाकूरांना अमेरिकेच्या 'फॉल्स क्लेम्स ॲक्ट'खाली ४.८ कोटी डॉलरहून जास्त मिळाले. सरकारची फसवणूक उघड करणाऱ्याला वसुलीतला वाटा देणारा हा कायदा १८६३चा आहे, यादवी युद्धाच्या काळातला. आपल्याकडे २०१४ मध्ये व्हिसल ब्लोअर्स प्रोटेक्शन ॲक्ट झाला, पण तो लोकसेवकांपुरता आहे आणि अजून अमलातही आणलेला नाही. खासगी कंपन्यांसाठी २०१३च्या कंपनी कायद्यात 'व्हिजिल मेकॅनिझम' आहे. सूचिबद्ध कंपनीत कर्मचाऱ्याने तक्रार केली की ती ऑडिट समितीपर्यंत, म्हणजे संचालकांपर्यंत पोचावी, अशी व्यवस्था. वाचायला ठीक वाटतं. पण रॅनबॅक्सीत २००४ साली तक्रार संचालकांपर्यंत पोचलीच होती की! राजिंदर कुमारांनी स्वतः नेली होती. पोचल्यावर काय झालं, ते आपण वर पाहिलं.

ईबन यांच्या पुस्तकातली ही पोकळी 'द ट्रुथ पिल' या २०२२च्या पुस्तकाने बरीचशी भरून काढली आहे. दिनेश ठाकूर आणि वकील प्रशांत रेड्डी यांनी मिळून लिहिलेलं आहे. ते कादंबरीसारखं पळत नाही, मध्येमध्ये कायद्याच्या कलमांत अडकतं, आणि ठाकूरांच्या स्वतःच्या लढ्याबद्दल ते तटस्थ असणं शक्यच नाही. पण भारतीय नियामकाबद्दल बोलायचं तर तेच हाताशी हवं. महाराष्ट्रातल्या वाचकाने त्याच्यासोबत १९८६चं जे. जे. रुग्णालयाचं प्रकरणही वाचावं. भेसळीच्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला आणि त्याने राज्याच्या औषध प्रशासनाची लक्तरं टांगली. जेनेरिक निर्यातीची लाट यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

'बॉटल ऑफ लाइज' इंग्रजीत आहे, भाषा सोपी आहे. रॅनबॅक्सीचे आणि बेकरचे भाग सलग वाचा, रुग्णांच्या तक्रारींचे भाग वाचताना प्रत्येक ठिकाणी 'हे औषधामुळेच झालं हे कशावरून' असं विचारत जा. आणि वाळूजचं प्रकरण संपलं की पुस्तक बाजूला ठेवून जुलै २०१३चं ते वॉर्निंग लेटर शोधा. एफडीएच्या संकेतस्थळांवर अशी पत्रं फुकट मिळतात. लेखिकेने काय रंगवलंय आणि इन्स्पेक्टरने काय नोंदवलंय, हे शेजारी शेजारी ठेवून वाचायला एक दुपार पुरते.